बरण्यांची झाकणं

वसमतच्या आमच्या प्रयोगशाळेत
पोरं प्राणी ओळखत आली झाकणांवरून.
लाल, तडा गेलेलं : लिव्हर फ्लूक.
पांढरं, दोऱ्यानं बांधलेलं : टेपवर्म.
निळं, वाकडं बसणारं : समुद्रघोडा.
ही विद्या थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे
जुन्या जर्नलसोबत यायची, कव्हरासकट.
आणि मार्कही यायचे, खोटं कशाला बोलू.
तीसपैकी सत्तावीस.

यंदा सराव परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी
लिंबाजीमामांना म्हटलं, थांबा जरा.
दोघांनी मिळून सगळी झाकणं बदलली.
फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत होते.
मामा म्हणाले, "मॅडम, लेकरं मरतील की."

दुसऱ्या दिवशी समुद्रघोड्याला
एकवीस जणांनी टेपवर्म लिहिलं.
काचेआड घोड्याचं तोंड होतं, मान होती,
शेपटीचा आकडा होता.
आत कुणी बघितलंच नव्हतं.

मला हसू आलं. मग थांबलं.
मीही अशीच पास झालेय परभणीत,
एका हिरव्या झाकणावर.

त्या आठवड्यात पुस्तकं बंद करून कपाटात टाकली.
दिसतं तेवढंच काढा, म्हटलं.
"मॅडम, काहीच दिसना गेलंय."
लाईट गेली होती, नेहमीसारखी.
आरसा खिडकीकडं फिरव. हळू. ऊन धर त्यात.
"आता पापणी दिसायलीय. माझीच."
मग पापणी काढ.
दैवशाला घुगेनं खरंच पापणी काढली,
तीन केस, एक वाकडा.
पेन्सिलीला टोक करून, नावासकट.
चौथ्या दिवशी त्या केसांमागून
कांद्याच्या पेशी आल्या,
विटा रचाव्यात तशा,
आणि ती काही बोललीच नाही बराच वेळ.

शनिवार-रविवार ती आईसोबत हळदीच्या कढईवर जाते.
बोटं पिवळी, नखांच्या मुळापर्यंत.
कव्हरस्लिप सुईवर तिरकी धरून
एका कडेनं सोडायची कशी, हे मी सांगत होते,
तर ती म्हणाली, कळलं,
आजारी माणसाला खाटेवर टेकवतात तसं.
मी गप्प बसले. वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

सगळे सुधारले असं नाही.
निहाल शेवटपर्यंत पुस्तकातलीच आकृती काढत राहिला,
सुंदर, सावल्या देऊन.
त्याच्या स्लाइडवर कांदाच नव्हता.

परीक्षेला बाहेरचे सर नांदेडहून आले.
बस उशिरा, चहा नको म्हणाले.
दैवशालाच्या सूक्ष्मदर्शकाशी वाकले,
मग वहीशी, मग पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी.
"हे काळ्या कडेचं गोल काय काढलंय?"
"हवेचा बुडबुडा, सर. माझ्याकडून राहिला."
"पुस्तकात आहे का हा?"
"नाही सर. स्लाइडवर आहे."

मी दाराशी उभी. घशाला कोरड.
सरांनी स्लाइड उचलून उजेडात धरली.
"स्टेन कोणता?"
"सॅफ्रानिन."
"मग कडेला हे पिवळं?"
"ती मी आहे, सर,"
ती म्हणाली, आणि मग घाईनं, "हळद."

सरांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही.
कागद दुमडून त्यांनी पाकिटात घातला,
लाख लावली,
आणि निघताना चहा मागितला.

काल मामा विचारत होते,
झाकणं परत जागच्या जागी लावू का.
नको, म्हटलं.
पण ते निळं कोणत्याच बरणीला नीट बसत नाही म्हणे,
फॉर्मॅलिन उडून जातं,
दर सोमवारी भरावं लागतं.
भरताना त्यांना वाकावं लागतं, चष्मा पुसून,
आणि आत बघावं लागतं.